पदराच्या गाठीतला दात

माझी थोरली जाऊ धुरपदाबाई हिचा देवावर विश्वास होता, प्रसादावर नव्हता. पुजाऱ्याने हातावर ठेवलेला पेढा ती आधी नाकाशी न्यायची, मग चिमूटभर कुत्र्याला टाकायची, आणि कुत्रं शेपूट हलवतंय असं बघून मग स्वतः खायची. कासाराने बांगडी भरली तर बांगडीला चीर असणार, नावाड्याने नाव लावली तर नावेला भोक असणार. असल्या बाईबरोबर एका चुलीवर मी माझी सगळी तरुण वर्षं काढली. बोलणार कुणाला? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

दातांच्या बाबतीत मात्र तिचा संशय फुकटचा नव्हता, हे मलाही मान्य आहे. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर सुकलालदादा, यांचा समोरचा एक दात ऐन तारुण्यात पडला होता. तेव्हा जत्रेत एक दातवाला पेटी मांडून बसायचा. त्याने दादांचे शेजारचे दोन ठणठणीत दात कानशीने घासून काड्यांसारखे केले आणि त्यांच्यावर तीन दातांचं पिवळंधमक टोपण चढवलं. म्हणाला, सोन्याचं आहे. दिवाळीपर्यंत सोनं हिरवं पडलं आणि पुढची दिवाळी यायच्या आत टोपणाखालचे दोन्ही दात सडून गेले. एका दातापायी तीन गेले. तेव्हापासून दादा हसताना तोंडावर हात धरायचे आणि धुरपदाबाई तमाम दातवाल्यांना दरोडेखोर म्हणायची.

आणि नेमका तिच्याच लेकीचा दात पडावा.

आमचं गाव देडतलाईच्या अलीकडे, केळी-कापसाचं. धुरपदाबाईची एकुलती लेक विमल हिचं लग्न बुऱ्हाणपुरात बुधवारा पेठेतल्या मालूबाईच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा प्रकाश शाळेत मास्तर, घर सुखवस्तू, माणसं बोलायला गोड. दिवाळीनंतर सुपारी फुटली आणि वैशाखातली तारीख धरली. माघात एका सकाळी विमल विहिरीवर पाणी शेंदत होती. रहाटाचा दांडा हातातून निसटला, भरलेली बादली खाली गेली आणि दांडा गर्रकन उलटा फिरून तिच्या तोंडावर बसला. मी धावले तेव्हा तिचा पदर रक्ताने भिजलेला होता आणि वरचा, अगदी समोरचा दात मातीत पडलेला होता.

लेकीचं रक्त थांबायच्या आत धुरपदाबाईने पहिलं काम काय केलं असेल, तर वाड्याचं दार लावलं. कोणी पाहिलं का, हे ती मला तीनतीनदा विचारत होती. गावात सांगितलं गेलं की विमलला गालफुगी झाली आहे. पोरीने तोंडावर पदर घेतला तो घेतलाच. शेजारणी लिंबाचा पाला घेऊन आल्या, तर त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं.

दात लपवून लग्न कसं व्हायचं, हा प्रश्न होताच. सुकलालदादा म्हणाले, कळवून टाकू, माणसं भली आहेत. धुरपदाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की दादा केळीच्या बागेत निघून गेले. भली माणसं अशी जगात असतात, हेच तिला मान्य नव्हतं.

त्या वर्षी संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. राजेलोकांचं राज्य गेलं, तसे त्यांचे माहूत, आचारी, बँडवालेही रिकामे झाले. शालिग्राम डॉक्टर असाच कुठल्याशा लहान संस्थानात दरबारचा दंतवैद्य होता, कलकत्त्याला शिकून आलेला. राज्य संपल्यावर त्याने बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या दरवाजाजवळ दवाखाना थाटला होता; दारावरच्या पाटीत दातांचं नावही नव्हतं, नुसतं डॉक्टर. बांगड्या भरायच्या निमित्ताने आम्ही तिघी सर्व्हिस मोटारने तिथे गेलो.

दवाखान्यात लाल मखमलीची एक थोरली खुर्ची होती. डॉक्टरने मोठ्या अभिमानाने सांगितलं की ती राजेसाहेबांनी निरोपाच्या वेळी दिली. धुरपदाबाई माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली की दिली की याने उचलली, देव जाणे. विमलला त्या खुर्चीत बसवताना तिने आधी मखमलीवर हात फिरवून बघितला. काय सापडेल असं तिला वाटलं होतं, तीच जाणे.

दाताचं मूळ हिरडीत राहिलं होतं. डॉक्टरने बधिर करायची सुई टोचून ते अलगद काढलं आणि जखम भरली की यायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्याने गरम पाण्यात मऊ केलेला मेणासारखा गोळा विमलच्या टाळूला दाबून ठसा घेतला. मग खणातून दातांची एक माळच बाहेर काढली आणि त्यातला एकेक दात विमलच्या दातांशी धरून रंग जुळवू लागला.

धुरपदाबाई ताडकन उठली. हे दात कोणाचे, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाला, नमुन्याचे. नमुना कोणाच्या तोंडातला, हिने विचारलं. मेलेल्या माणसाचं हाड नवरीच्या तोंडात जाणार असेल तर बोडकं तोंड बरं, असंही तिने ऐकवलं. डॉक्टर चिडला नाही. त्याच्या टेबलावर चहाची कपबशी होती. त्याने माळेतला एक दात बशीवर टिचकावला, मग कप बशीवर टिचकावला. आवाज एकच. ही कपबशीचीच माती आहे, भट्टीत भाजलेली, त्याने सांगितलं.

आमच्या घरात तेव्हा हाडाच्या म्हणून कपबश्यांनाही मज्जाव होता, चहा फुलपात्रात प्यायचा. पण माती आहे म्हटल्यावर धुरपदाबाई जरा वरमली. आपण सगळे शेवटी मातीचेच, असं काहीसं पुटपुटून ती बसली. तरी माळेतला एक दात तिने वास घेऊन पाहिलाच.

पुढे डॉक्टरने समजावलं ते असं. टाळूला चिकटून बसेल अशी लाल रबराची पातळ पट्टी करायची, तिच्या पुढच्या कडेला हा मातीचा दात बसवायचा, आणि मागच्या दाढांना दोन बारीक तारांचे आकडे अडकवायचे. शेजारच्या दातांना हातसुद्धा लावायचा नाही. रोज काढून धुता येईल. कानस नाही, टोपण नाही.

हे ऐकून माझ्या जावेने हात जोडायला हवे होते. ज्या कानशीला ती इतकी वर्षं शिव्या घालत आली, ती कानस या माणसाच्या खोलीत नव्हती. पण "काढता येईल" हा शब्द तिच्या मनात रुतून बसला. जे काढता येतं ते पडतंही, आणि पडणार तर विडा तोडताना पडणार.

आमच्याकडे लग्न लागल्यावर नवरी समोरच्या दातांत पानाचा विडा धरते आणि नवऱ्याने तो आपल्या दातांनी तोडायचा असतो. मग नवऱ्याच्या दातांतला नवरीने. दोन्हीकडच्या बाया भोवती कोंडाळं करून बसतात, चेष्टा करतात, कोण जास्त पान ओढतं ते पाहतात. ज्याच्या दातांत जास्त पान, त्याचं घरात चालणार. आता नवऱ्याने विडा ओढला आणि विड्याबरोबर दात बाहेर आला तर? मला तर ते चित्र डोळ्यांपुढे येऊन हसू फुटलं. धुरपदाबाईची मात्र पाचावर धारण बसली.

तिने डॉक्टरला विचारलं, विड्याला धरून राहील असा दात नाही का बसवता येत? डॉक्टर म्हणाला, येतो, पण त्यासाठी शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करावे लागतील.

"मग घासा," धुरपदाबाई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. विमलने खुर्चीतून मान वळवून आईकडे पाहिलं. डॉक्टरने हातातली माळ खणात ठेवली आणि खण लावून टाकला.

"बाई, मुलगी कोवळी आहे," तो म्हणाला. "हे दोन दात तिला म्हातारपणापर्यंत साथ देतील. एका संध्याकाळच्या विड्यासाठी मी त्यांना कानस लावणार नाही. विड्याच्या वेळी पट्टी काढून ठेवा, आणि मुलाकडच्यांना सांगून टाका."

परतीच्या मोटारीत धुरपदाबाईचं एकच पालुपद होतं. राजाचे दात घासले असतील, आमचे घासायला याचे हात का जड झाले? याला येत नसणार. नाहीतर हा मालूबाईकडून फितलेला असणार. मी म्हटलं, मालूबाईला हा माणूस माहीतही नसेल. त्यावर ती म्हणाली, बुधवारा आणि राजपुरा लांब थोडेच आहेत.

विमल खिडकीशी बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "माय, त्याहिले सांगून दे ना. दातच त पडला."

"आज दात सांगशीन," धुरपदाबाई म्हणाली, "उद्या ते म्हनतीन, आनखी काय लपोलं. झाकली मूठ झाकेलच राहू दे."

पट्टी तयार झाली. डॉक्टरने ती विमलच्या तोंडात बसवून आरसा हातात दिला, तेव्हा पोरगी आधी घाबरत घाबरत ओठ उचलून पाहू लागली आणि मग खुदकन हसली. इतक्या दिवसांनी तिचं हसू बघून माझे डोळे भरून आले. कोणता दात मातीचा आणि कोणता तिचा, मलाही ओळखता येईना. धुरपदाबाईने मात्र तिला उजेडात नेऊन, मान इकडे तिकडे वळवून पाहिलं आणि म्हणाली, जरा जास्तच पांढरा वाटतो.

आम्ही दवाखान्याची पायरी उतरलो, तोच समोरच्या दुकानातून मालूबाई बाहेर पडताना दिसली. धुरपदाबाईने विमलचा पदर नाकापर्यंत ओढला, तिचा दंड धरला आणि तिला टांग्यात जवळजवळ कोंबलंच. मालूबाईने आम्हाला पाहिलं होतं. हाक मारायला तिने हात वर केला होता, तो तसाच राहिला. आम्ही विहिणीला न बोलता तोंड लपवून पळालो. असं कोणी करतं का? पण चोराच्या मनात चांदणं.

त्यानंतर धुरपदाबाईने आणखी एक शहाणपणा केला. निंबा नावाचे आमचे नंदावे या सोयरिकीत मध्यस्थ होते. त्यांच्याकडून तिने बुधवाऱ्यात निरोप धाडला की आमच्या घराण्यात विडा तोडायची चाल नाही. निंबांनी मान डोलावली आणि निरोप पोचवला. आता या निंबांचं लग्न आमच्याच अंगणात झालेलं, माझ्या नणदेच्या दातांतला विडा त्यांनी याच ओट्यावर तोडलेला. हे त्यांनी आम्हाला ऐकवलं नाही. बुधवाऱ्यात मात्र ऐकवलं.

वैशाखात लग्न लागलं. विमल हिरव्या शालूत इतकी गोड दिसत होती की मी मनात तिची दृष्ट काढली. फक्त ती वाळली होती. तोंडात नवी पट्टी, त्यात आईने घातलेली धास्ती, पोरगी दोन महिने धड जेवलीच नव्हती. नवरानवरीला एका ताटात जेवायला बसवलं, एकमेकांना घास द्यायची वेळ आली, तर धुरपदाबाई मध्येच पुढे झाली. विमलला नवस आहे, देवीला जाऊन येईपर्यंत तिने कोणाचं उष्टं खायचं नाही आणि आपलं उष्टं कोणाला द्यायचं नाही, असं तिने सांगितलं. असला नवस मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि देवीनेही पहिल्यांदाच ऐकला असणार.

दिवस कलता मालूबाईकडच्या बायांनी पानाचे विडे बांधून तबकात आणले. धुरपदाबाई म्हणाली, आमच्यात चाल नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मालूबाईने तबक खाली ठेवलं, आम्हा दोघींना आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"विहीणबाई, एक विचारते, खरं सांगा," ती म्हणाली. "पोरीला क्षय आहे का?"

मला क्षणभर कळेचना ती काय म्हणते आहे. मग एकेक उलगडत गेलं. गालफुगी म्हणून महिनाभर घरात कोंडलेली पोरगी. कोणाला ओटा चढू दिला नाही. शहरात डॉक्टरच्या दारातून तोंडावर पदर घेऊन बाहेर पडली. वाळली. आणि आज घासात उष्टं नको, विड्यात उष्टं नको. त्या काळात क्षयाचं नुसतं नाव काढलं तरी माणसं भांडी वेगळी करायची. मालूबाईच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते. आम्ही एक दात झाकायला गेलो आणि त्यांना त्याखाली मरण दिसलं.

मालूबाईचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. लग्न लागलं ते लागलं, ती म्हणाली. पण माझा एकुलता मुलगा आहे. नवरी आज इथेच राहील, डॉक्टरांना दाखवा, ते बरी म्हणाले की बघू. "बघू" म्हणजे काय, ते आम्हाला चांगलं माहीत होतं. देडतलाईच्या बाजारात अशा दोघीतिघी भेटायच्या, गळ्यात मंगळसूत्र आणि जन्म माहेरच्या चुलीपाशी.

मी धुरपदाबाईला कोपराने ढोसलं. बोल, म्हटलं, आता तरी बोल. तिला भीती दाताची उरलीच नव्हती. तिला दिसत होतं की आता खरं सांगितलं तरी कोण मानणार? माघापासून खोटं बोलणारी बाई ऐन वेळी म्हणते, काही नाही हो, नुसता दात पडलाय. असं कोणी तिला सांगितलं असतं तर तिने स्वतः मानलं नसतं. जन्मभर दुसऱ्यावर रोखलेली नजर त्या दिवशी तिच्यावर रोखली गेली होती, आणि मला त्या वेळी तिची फार कीव आली.

दार उघडलं. विमल बाहेर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, भिंतीकडे तोंड करून तिने पट्टी काढली, पदराने पुसली आणि सासूचा हात उघडून तळव्यावर ठेवली.

"आत्याबाई, खोकला नाही मले," ती म्हणाली. "दात नाही."

दात नसल्याने शब्द जरा फुसकन आले. मालूबाई तळव्याकडे बघत राहिली. लाल रबर, दोन तारा, एक दात. तिने विमलची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, आत नीट बघितलं, छातीला कान लावून श्वाससुद्धा ऐकला. संशय काही आमच्याच घरी पिकत नव्हता. मग ती मटकन पेटीवर बसली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी माझा जीव घेतला व माय." आणि रडू लागली. मीही रडले. फक्त धुरपदाबाई खांबासारखी उभी होती.

मालूबाई मूठ मिटून बाहेर गेली आणि लेकाच्या कानात काहीतरी बोलली. प्रकाशने विमलकडे पाहिलं. विमलने या वेळी पदर ओढला नाही. तो म्हणाला, मग विडा आणा की.

विमलने विडा घेतला आणि जिथे दात नव्हता त्या फटीत सरकवून शेजारच्या दोन दातांमध्ये पक्का धरला. प्रकाशने दातांनी ओढला. विडा हलेना. त्याने मान वाकडी केली, बायांनी गलका केला, त्याने पुन्हा जोर लावला. शेवटी पानाचा एवढासा शेंडा त्याच्या दातांत आला आणि सगळा विडा विमलच्या तोंडात राहिला. मास्तर हरले, मास्तर हरले, असा कल्ला झाला. सुकलालदादा मांडवाच्या खांबाला टेकून मोकळ्या तोंडाने हसत होते. तोंडावर हात धरायचं ते विसरले होते.

मी जावेकडे पाहिलं. ती विमलच्या त्या दोन दातांकडे बघत होती, ज्यांना तिने "घासा" म्हटलं होतं. तिच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

पाठवणीच्या वेळी धुरपदाबाईचं लक्ष लेकीकडे कमी आणि मालूबाईच्या पदराकडे जास्त होतं. मालूबाईने तो दात पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला होता. धुरपदाबाई मला म्हणाली, वाटेत पडला म्हणजे? ठेवूनच घेतला म्हणजे? मी म्हटलं, तिला काय करायचाय तो? पण माझं ऐकेल तर ती धुरपदाबाई कसली. गाडी जुंपली, विमल चढली, तशी ती पुढे झाली आणि म्हणाली, "विहीणबाई, तो दात पोरीच्याच हाती देऊन द्या. तुमच्या ध्यानात नाही राहीन."

मालूबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"पोरगी माझ्या हाती दिली ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग एका दाताचा भरोसा नाही?"

धुरपदाबाईच्या डोळ्यांतून त्या दिवसातलं पहिलं पाणी आलं. तिने हात पुढे केला, मला वाटलं गाठ सोडते आता. तिने मालूबाईच्या पदराचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ती गाठ आणखी घट्ट आवळून दिली.